थंडीसाठी तापलेलं तांबं

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेवर चालणारी पहिली ट्राम धावली. त्याआधी ट्रामचे डबे घोडे ओढत होते, तेव्हा हा प्रकार बघायला गाव लोटलं असणार. कुलाब्याच्या वेधशाळेनं मात्र या ट्रामची धास्ती आधीच घेतली होती आणि आपला निम्मा संसार समुद्रापलीकडे हलवला होता.

कुलाब्यात १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राची मोजणी चालू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकी वादळ जगातल्या मोजक्या ठिकाणी नीट टिपलं गेलं, त्यात कुलाबा होतं. असा ऐवज हाताशी असलेल्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. शहरात विजेच्या ट्रामची बोलणी सुरू झाली आणि मूस यांच्या लक्षात आलं, की आता आपल्या सुया पृथ्वीची नोंद ठेवणार नाहीत, ट्रामची ठेवतील. ट्रामला लागणारा डीसी प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. रूळ जमिनीला टेकलेले, त्यामुळे त्यातला काही भाग वाट सोडून मातीत शिरतो. गाडीवानानं गाडी सोडली की प्रवाह वाढणार, थांबवली की कमी होणार, आणि दर वेळी आसपासचं चुंबकी क्षेत्र हलणार.

मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकी वेधशाळा उभी केली. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकाला ओढ लावेल असं काही नाही. लोखंडाचा खिळासुद्धा आत येऊ नये याची काळजी घेतली. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणच्या नोंदी बरोबरीनं घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. मग कुलाब्याची चुंबकी मोजणी बंद झाली. अलिबागची आजही चालू आहे.

मोठा विद्युतप्रवाह आणि नाजूक चुंबकी मोजमाप यांचं हे भांडण जुनंच. मूस यांनी त्यावर काढलेला तोडगा सरळ निघून जाण्याचा होता, आणि माझ्या मते त्या काळी दुसरा शहाणपणाचा तोडगा नव्हताच. पण विसाव्या शतकाच्या शेवटी काही पदार्थवैज्ञानिकांवर अशी वेळ आली, की निघून जायची सोयच राहिली नाही. त्यांना पाहायची होती ती अतिशय नाजूक वस्तू, अतिशीत अणूंचा ढग, आणि ती जागेवर धरून ठेवायला लागत होता शेकडो अँपिअरचा प्रवाह, तोही तिच्यापासून काही सेंटिमीटरवर. ट्राम जणू वेधशाळेच्या दिवाणखान्यातूनच जायची होती.

अतिशीत अणूंचा इतिहास बहुधा लेझरचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते सुंदर दिसतं आणि त्यावर १९९७ चं नोबेलही आहे. पण तांब्याच्या कॉइलचा, तिला करंट पुरवणाऱ्या सप्लायचा आणि तो करंट हलू न देणाऱ्या सर्किटचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही. प्रयोगशाळेत रात्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला विचारलं तर तो आधी याच गोष्टींना शिव्या घालेल.

अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीत बसून ‘स्थिर करंट’ हे शब्द लिहिताना थोडं हसू येतं. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज कधी दिवसा, कधी मध्यरात्री. एका डीपीवर जास्त पंप चढले की व्होल्टेज बसतं, मोटर नुसती गुरगुरते आणि स्टार्टर पडतो. घरात फ्रिजमागे स्टॅबिलायझर असतो. व्होल्टेज उतरलं की तो आतल्या आत ‘टक्’ करून टॅप बदलतो आणि पाच-दहा टक्क्यांच्या आत आणून सोडतो. फ्रिजला तेवढं पुरतं. अकोल्याच्या पलीकडे पारसच्या वीजकेंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तेवढ्या क्षमतेच्या जनित्राच्या टोकांशी दहा हजार अँपिअरच्या घरात प्रवाह असतो. विदर्भातल्या चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला १९९९ च्या सुमारास सुरू झालेली ७५२ किलोमीटरची डीसी वाहिनी पूर्ण भारावर दीड हजार अँपिअर वाहून नेते. (वीज आमची, उजेड त्यांचा, हे दुखणं वेगळं, ते इथं नको.) तर मोठा प्रवाह ही नवलाई नव्हे. २०० अँपिअर वाहत असताना त्याचे २००.००२ होऊ द्यायचे नाहीत, घोडं इथं पेंड खातं.

इतकी बारकाई कशाला, हे एका आकड्यावरून कळतं. रुबिडियमसारखा अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक. त्याच्याभोवतीचं क्षेत्र एक गॉसनं बदललं, तर त्याची ऊर्जा जेवढी बदलते ती तापमानाच्या भाषेत ६७ मायक्रोकेल्विन भरते. अणूची अवस्था कोणती यावर हा आकडा निम्मा होऊ शकतो, पण मासला कळायला हरकत नाही. आता ५ जून १९९५ ची सकाळ घ्या. अमेरिकेत बोल्डर इथल्या जिला या संस्थेत एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी रुबिडियमचे अणू थंड करत नेले आणि १७० नॅनोकेल्विनच्या आसपास त्यातले सुमारे दोन हजार अणू एकाच क्वांटम अवस्थेत जाऊन बसले. यालाच बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट म्हणतात. ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये आइन्स्टाइनना पाठवलेल्या लेखातून निघालेलं भाकीत ७१ वर्षांनी खरं ठरलं. १७० नॅनोकेल्विनचा वरच्या हिशेबानं भागाकार केला, तर उत्तर येतं सुमारे अडीच मिलिगॉस. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४०० मिलिगॉसच्या आसपास आहे. कुलाब्यात १८५९ मध्ये टिपलेलं ते ऐतिहासिक वादळ, ज्यानं युरोप-अमेरिकेतल्या तारकचेऱ्यांत ठिणग्या उडवल्या, ते होतं सुमारे १६ मिलिगॉसचं. कंडेन्सेट सांभाळणाऱ्याला त्या वादळाच्या शंभराव्या हिश्श्याचीही फिकीर करावी लागते.

आणि तरी चुंबकावाचून सुरुवातीला चालत नव्हतं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये विल्यम फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी लेझरनं थांबवलेले सोडियमचे अणू पहिल्यांदा चुंबकी सापळ्यात पकडले. सापळा म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन कॉइल आणि त्यांतून उलट-सुलट दिशांनी वाहणारा प्रवाह. मध्यभागी क्षेत्र शून्य, बाहेर जावं तसं वाढत जाणारं. योग्य अवस्थेतले अणू कमी क्षेत्राकडे ढकलले जातात आणि मधोमध गोळा होतात. ते सेकंदभर टिकले. भांड्यात उरलेल्या हवेचे रेणू त्यांना धक्के मारत होते, त्यामुळे करंटकडे बघायची पाळी अजून आलीच नव्हती.

निर्वात सुधारलं तसा दुसरा घोटाळा उघडा पडला. मध्यभागी क्षेत्र जिथं नेमकं शून्य असतं, तिथं अणूला दिशेचं भान राहत नाही. त्याचं चुंबक उलटतं आणि जो सापळा त्याला आत धरत होता तोच बाहेर फेकतो. एत्तोरे मायोराना या इटालियन तरुणानं हे गणित १९३२ मध्येच मांडून ठेवलं होतं. अणू जितके थंड, तितके ते मध्याजवळ घुटमळणार, म्हणजे नेमके हवे तेच गळणार. कॉर्नेल यांनी वर एक फिरतं क्षेत्र लावून हे भोक सतत जागचं हलतं ठेवलं. एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी त्या भोकावर लेझरचं बूच बसवलं आणि सप्टेंबर १९९५ मध्ये सोडियमचं कंडेन्सेट मिळवलं. तिसरा उपाय असा, की कॉइलची मांडणीच बदलायची आणि मध्यभागी शून्याऐवजी गॉसभर क्षेत्र उरेल असं बघायचं. या घराण्यातल्या सापळ्यांना योफे-प्रिचर्ड म्हणतात. एमआयटीनं १९९६ मध्ये याच घराण्यातला क्लोव्हरलीफ सापळा बांधला, आणि करंटचा प्रश्न खऱ्या अर्थानं ऐरणीवर आला.

ही कॉइल जवळून पाहण्यासारखी असते. ती तारेची नसते, तांब्याच्या पोकळ नळीची असते. चौकोनी नळी, बोटाहून बारीक, वरून इन्सुलेशन गुंडाळलेलं, फेरे एकमेकांना इपॉक्सीनं चिकटवलेले. नळीच्या भिंतीतून करंट जातो आणि पोकळीतून दाबानं पाणी. कॉइलचा रोध २५ मिलिओहम धरला तर २०० अँपिअरला बरोबर एक किलोवॅट उष्णता निघते, तीही तळहाताएवढ्या जागेत, आणि तिच्या मधोमध काचेच्या नळीत जगातली सर्वांत थंड वस्तू. पाणी थांबलं तर काही क्षणांत इपॉक्सी धुरायला लागतं. म्हणून पाण्याच्या वाटेवर फ्लो-स्विच असतो. धार मंदावली की तो सप्लायच तोडतो.

तांबं एक अंशानं तापलं की त्याचा रोध जवळजवळ ०.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे व्होल्टेज कितीही स्थिर ठेवा, करंट घसरणारच. धरायचा असेल तर करंटच धरावा लागतो. पुन्हा गंमत अशी, की करंट तंतोतंत धरला तरी सुटका नाही. एका अंशाला तांबं दहा लाखात सतरा भाग फुगतं. कॉइल तेवढी मोठी होते आणि क्षेत्र तेवढं उतरतं. सकाळी थंड असलेलं पाणी दुपारी कोमट झालं तर सगळा हिशेब हलतो. चांगल्या प्रयोगशाळा पाण्याचं तापमानही करंटइतक्याच कसोशीनं सांभाळतात ते याचसाठी.

करंट धरायचा तर आधी तो मोजता आला पाहिजे. सोपा मार्ग शंटचा: वाटेत एक मिलिओहमचा रोध घालायचा आणि त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज वाचायचं. २०० अँपिअरला त्यात ४० वॅट उष्णता होते, शंट स्वतः तापतो आणि स्वतःचंच माप बदलतो. हॉल सेन्सर तारेला न शिवता मोजतो, पण तापमानाबरोबर तोही सरकतो. खरा तोडगा निघाला अणूंशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी, जिनिव्हाच्या सर्नमध्ये. तिथं इंटरसेक्टिंग स्टोरेज रिंग्ज नावाचं यंत्र उभं राहत होतं. त्यात प्रोटॉनांचा झोत तासन्‌तास एकसारखा फिरणार होता, आणि एकसारखा प्रवाह साध्या ट्रान्सफॉर्मरला दिसत नाही. क्लाउस उन्सर यांनी १९६९ मध्ये यावरचं उपकरण प्रसिद्ध केलं. मोजायचा प्रवाह एका चुंबकी कड्यातून जातो. कड्यावर हजारेक फेऱ्यांची बारीक तार असते, तिच्यातून उलटा प्रवाह सोडून कड्यातलं क्षेत्र शून्यावर आणायचं. शून्य झालं की नाही हे दुसरं एक सर्किट कड्याला सतत आलटून-पालटून चुंबकित करून पाहत राहतं. शून्य झालं, की बारीक तारेतला प्रवाह हा मोठ्या प्रवाहाचा नेमका हजारावा हिस्सा असतो: २०० अँपिअरला २०० मिलिअँपिअर. मोठ्या प्रवाहाला हात न लावता त्याची तंतोतंत लहान प्रत मिळाली. याच तत्त्वावरची उपकरणं पुढं डेन्मार्कच्या डॅनफिझिक आणि जिनिव्हाच्या लेम या कंपन्या विकू लागल्या, आणि अणूंच्या प्रयोगशाळांत ती येऊन बसली. सर्नच्या आजच्या मोठ्या यंत्रातले चुंबकांचे अकरा हजार अँपिअरही अशाच कड्यांनी मोजले जातात.

पुढचं तत्त्व शाळकरी आहे. मोजलेला आकडा हव्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि फरक दिसला की वाटेतली झडप थोडी उघडायची किंवा मिटायची. झडप म्हणजे मॉस्फेटची रांग, पाण्यानं थंड केलेल्या पत्र्यावर बसवलेली. ताडून पाहायला जे संदर्भ व्होल्टेज असतं, ते डळमळलं तर बाकी सगळं व्यर्थ. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. आणि या सगळ्याच्या मागं लाईनची ५० हर्ट्झची गुणगुण असतेच, तिच्या १०० आणि १५० च्या पिलांसकट. ती भिंतीतल्या तारांतून येते, दोन ठिकाणी केलेल्या अर्थिंगमधून वेटोळं घेऊन शिरते. कित्येक गटांनी तिच्यापुढे हात टेकून एक चतुर तडजोड केली आहे: प्रयोगाची प्रत्येक फेरी लाईनच्या लाटेच्या एकाच बिंदूवर सुरू करायची. गुणगुण जात नाही, पण दर वेळी सारखीच येते, आणि सारखी चूक वजा करता येते. मला या सगळ्या कारागिरीत हीच युक्ती सर्वांत शेतकरी बुद्धीची वाटते.

आता म्युनिककडे येऊ, कारण या कथेचा गाभा तिथं आहे. १९९८ मध्ये टिलमन एस्लिंगर, इमॅन्युएल ब्लोख आणि थिओडोर हेन्श यांनी ‘क्विक’ नावाचा सापळा मांडला. दोन कॉइल जुन्याच, उलट्या प्रवाहाच्या. बाजूला तिसरी छोटी कॉइल. तिन्ही एकामागोमाग जोडलेल्या, म्हणजे तिन्हींतून तोच करंट. लागत होते अवघे २५ अँपिअर. शेकडो अँपिअरच्या जमान्यात हा आकडा फार साधा वाटतो, पण खरी कमाल एकामागोमाग जोडण्यात होती.

योफे-प्रिचर्ड सापळ्याच्या तळाशी उरणारं गॉसभर क्षेत्र ही वजाबाकी असते: एका कॉइलचं शंभरच्या घरातलं क्षेत्र उणे दुसरीचं जवळजवळ तेवढंच. दोघींना वेगळे सप्लाय असतील आणि प्रत्येक जण दहा हजारात एक भाग हलत असेल, तर शंभर गॉसचा दहा हजारावा हिस्सा म्हणजे दहा मिलिगॉस, आणि तळ तेवढा डुलतो. सकाळी आल्या आल्या विद्यार्थी ‘तळ कुठे आहे’ हे रेडिओलहरींनी मोजतात ते उगाच नाही. थंड करण्याच्या शेवटच्या पायरीत रेडिओलहर तळापासून काही किलोहर्ट्झवर आणून जास्त ऊर्जेचे अणू छाटायचे असतात, आणि रुबिडियमसाठी दहा मिलिगॉस म्हणजे सात किलोहर्ट्झ. तळ खाली सरकला तर कंडेन्सेट पुरतं थंडच होत नाही, वर सरकला तर सगळं छाटलं जातं. उलट तिन्ही कॉइलमधून एकच करंट वाहत असेल, तर करंट दहा हजारात एक भाग हलला की दोन्ही क्षेत्रं सारख्याच प्रमाणात हलतात, आणि वजाबाकीही दहा हजारात एकच भाग हलते. एका गॉसचा दहा हजारावा हिस्सा म्हणजे ०.१ मिलिगॉस. नुसत्या जोडणीनं शंभरपट फायदा!

म्युनिकच्या गटानं सापळ्याभोवती म्यू-मेटल या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची पेटी बांधली, म्हणजे बाहेरचं क्षेत्र आत येऊ नये. मग दहा हजारात एक भागापेक्षा कमी हलणारा करंट दिला आणि आतले चढउतार ०.१ मिलिगॉसच्या खाली आणले. १९९९ मध्ये त्याचं फळ मिळालं. कंडेन्सेटमधून अणूंची धार काढायची कल्पना एमआयटीनं १९९७ मध्येच दाखवली होती, पण ती थेंबाथेंबानं. रुबिडियमचा अणू गुरुत्वाविरुद्ध उचलून धरायला क्षेत्रात सेंटिमीटरमागे सुमारे ३० गॉसचा उतार लागतो, म्हणजे मायक्रॉनमागे तीन मिलिगॉस. कंडेन्सेट काही मायक्रॉन जाड. क्षेत्र दहा-वीस मिलिगॉसनं डुलत असेल तर अणू सोडवणारी रेडिओलहर क्षणात कंडेन्सेटच्या आत, क्षणात बाहेर. धार लागणार कशी? ०.१ मिलिगॉसला मात्र ती एकाच पातळ थरावर स्थिर राहते. ब्लोख, हेन्श आणि एस्लिंगर यांनी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत अखंड धार काढून दाखवली. तिला अणूंचा लेझर म्हणतात. वर्तमानपत्रांनी नाव उचललं. जोडणीबद्दल कोणी लिहिलं नाही.

पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही. त्याच सुमारास, १९९८ मध्ये, केटर्ले यांच्या गटानं सोडियमच्या कंडेन्सेटमध्ये फेशबाख अनुनाद दाखवला. विशिष्ट क्षेत्रात अणूंची आपसातली ओढ किंवा दुरावा हवा तसा बदलता येतो. सोडियमसाठी एक जागा ९०७ गॉसजवळ. इथं वजाबाकी कसलीच नाही, ९०७ म्हणजे ९०७. रुबिडियम-८७ चा एक अनुनाद १००७ गॉसवर आहे आणि त्याची रुंदी अवघी ०.२ गॉस. दहा हजारात एक भाग हलणारा करंट इथं ०.१ गॉस खातो, म्हणजे अर्धा अनुनाद गेला. लाखात एक भाग धरला तर कुठं काम होतं. म्हणून या काळात उन्सर यांच्या कड्याला मागणी आली, आणि ज्या गटांना ते परवडलं नाही त्यांनी रुंद अनुनाद असलेले अणू निवडले. लिथियम-६ चा ८३२ गॉसवरचा अनुनाद सुमारे ३०० गॉस रुंद आहे; तिथं साधा सप्लायही खपतो. कोणी कोणता अणू निवडला याची कारणं शोधनिबंधात भारदस्त असतात, त्यामागं असा हिशेबही असतो. डेबोरा जिन यांनी पोटॅशियम-४० घेऊन २०२ गॉसवर काम केलं आणि २००४ मध्ये फर्मी जातीच्या अणूंचं कंडेन्सेट जाहीर केलं. त्या अनुनादाची रुंदी आठेक गॉस आहे.

आपल्याकडे ही गोष्ट पुन्हा कुलाब्यालाच येते. नेव्ही नगरातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. एस. उन्नीकृष्णन, सप्तर्षी चौधुरी आणि संजुक्ता रॉय यांनी २००७ मध्ये रुबिडियम क्वांटम अवस्थेपर्यंत थंड केल्याची नोंद केली. या क्षेत्रातल्या भारतातल्या पहिल्यावहिल्या नोंदींपैकी ती एक. त्यांनी वाट निवडली ती प्रकाशाच्या सापळ्याची. केंद्रित लेझरच्या झोतातच अणू धरायचे आणि तिथंच थंड करायचे, ही पद्धत जॉर्जिया टेकमध्ये मायकेल चॅपमन यांच्या गटानं २००१ मध्ये यशस्वी केली होती. सुरुवातीच्या लेझर-सापळ्याला लागतात तेवढे थोडे अँपिअर सोडले, तर मोठा करंट, पाण्याच्या नळ्या, मॉस्फेटच्या रांगा, सगळंच वगळलं. शंभर वर्षांपूर्वी कुलाब्यानं मोठ्या करंटशी भांडण टाळलं होतं, यांनीही टाळलं. यात कमीपणा काही नाही; प्रकाशाच्या सापळ्याला त्याची स्वतःची दुखणी पुरेशी असतात.

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात मात्र एस. आर. मिश्रा यांच्या गटानं चुंबकाचीच वाट धरली आणि रुबिडियमचं कंडेन्सेट मिळवलं ते क्विक सापळ्यात. सिंक्रोट्रॉन चालवणाऱ्या संस्थेला चुंबकांचे सप्लाय नवे नाहीत, तेव्हा ही निवड स्वाभाविक वाटते. पुण्यात पाषाणला २००६ मध्ये आयसर सुरू झाली. तिथं उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत रुबिडियमवर काम चालतं. एम. एस. संथानम यांच्यासोबत त्यांच्या गटानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थंड अणूंना प्रकाशाच्या ठराविक अंतराच्या ठोशांनी हलवून त्यांची क्वांटम सुसंगती कशी ढासळते ते पाहिलं. ठोशांच्या वेळा मुद्दाम बिघडवून पाहायच्या असतील, तर बाकी काहीही आपणहून बिघडता कामा नये, हे सांगायला नको. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ६,००३.६५ कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. आमच्या स्टेशनावरून पूर्णेकडे जाणारी गाडी ज्या हिंगोलीवरून जाते, त्या जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभारण्यालाही मंत्रिमंडळाची मंजुरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिळाली. तिथं अणू नाहीत, पण बाहेरचा गोंगाट आत येऊ न देण्याची हीच कसरत आहे.

आणखी एक प्रसंग सांगायचा तो मे २०२० चा. इंग्लंडमध्ये टाळेबंदी होती. ब्रायटनजवळच्या ससेक्स विद्यापीठातल्या डॉ. अमृता गाडगे यांनी घराच्या दिवाणखान्यात बसून, संगणकावरून, दोन मैलांवरच्या बंद प्रयोगशाळेत कंडेन्सेट तयार केलं. आडनाव वऱ्हाडाच्या रोजच्या ओळखीचं, त्यामुळे ही बातमी इकडे जरा जास्तच आवडीनं वाचली गेली. बातम्यांत भर होता घरबसल्या करण्यावर. मला मात्र त्यातलं त्यांचंच एक साधं निवेदन महत्त्वाचं वाटतं: काम फार हळू चाललं, कारण यंत्रणा अस्थिर होती आणि प्रत्येक फेरीनंतर तिला थंड व्हायला दहा ते पंधरा मिनिटं द्यावी लागत होती; तिथं असत्या तर ही अस्थिरता दुरुस्त करता आली असती. दिवाणखान्यातून आकडे बदलता येतात, लेझर आणि रेडिओलहरी हलवता येतात. तापलेल्या भागाची उष्णता उतरण्याची मात्र वाटच बघावी लागते.

पीटर क्रुगर यांच्या या गटाला कंडेन्सेट हवं होतं ते मोजमापासाठी. चिपच्या पृष्ठभागाजवळ धरलेला अणूंचा ढग खालच्या वस्तूतल्या प्रवाहाचं चुंबकी क्षेत्र टिपतो. क्षेत्र जिथं हलतं तिथं ढगाची घनता बदलते आणि ती कॅमेऱ्यात दिसते. टचस्क्रीन, सौरघट, विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या आणि मेंदूची तपासणी अशा उपयोगांवर गटाची नजर होती. बॅटरी न उघडता, तिच्या कुठल्या कोपऱ्यात किती करंट वाहतो आहे आणि कुठं तो अडतो आहे, हे बाहेरच्या क्षेत्रावरून वाचता येईल असा त्यामागचा हिशेब आहे.